ओल कुणाची? भिंतीची की हवेची?

«ताई, नमस्कार. डोंबिवली पूर्वेला चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही वन बीएचकेमध्ये भाड्याने राहतो. मार्चमध्ये आलो तेव्हा घर नुकतंच रंगवलेलं, चकाचक होतं. जूनच्या शेवटी बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर, खिडकीच्या वर डाग उमटला. आता तिथले पोपडे सुटतायत. परवा कपाट पुढे ओढलं तर मागची भिंत काळी पडलेली. लग्नाचा आल्बम कपाटात तळाला होता, त्याची पानं चिकटून बसलीत. मुलगा साडेचार वर्षांचा आहे, त्याला रात्री खोकला येतो. सासूबाईंना मधुमेह आहे. 'काळी बुरशी' हे शब्द ऐकल्यापासून त्या बेडरूममध्ये पाऊल टाकत नाहीत. घरमालक काका स्वभावाने चांगले, पण पुण्याला मुलाकडे असतात. फोनवर म्हणाले, 'तुम्ही घरात कपडे वाळत घालता म्हणून होतंय. आमच्या वेळी असलं काही नव्हतं.' पेंटर म्हणतो, नऊ हजारांत वॉटरप्रूफ रंग मारतो, दहा वर्षं बघायला नको. भाडं १६ हजार, डिपॉझिट ६० हजार, करार ११ महिन्यांचा. रंग मारून घेऊ का? ते पैसे भाड्यातून कापले तर चालतील? की सरळ घर सोडू? काकांशी वाकडं घ्यायचं नाहीये.»

पेंटरला आजच नको म्हणून सांगा. बाकीचं त्यानंतर बोलू.

त्याच्यावर माझा राग नाही. पावसाळ्यात त्यांच्या हाताला काम नसतं आणि भिंती तर सगळ्यांच्याच ओल्या असतात. पण ओल्या भिंतीवर आतून वॉटरप्रूफ रंग मारणं म्हणजे भिजलेल्या माणसाला रेनकोट घालणं. पाणी बाहेरून येतच राहतं, त्याची आत सुकायची वाट मात्र बंद होते. हा धडा मी स्वतःच्या पैशाने शिकले आहे. ठाण्यात भाड्याने राहत होतो, मी बांधकामाच्या साइटवर नोकरी करायचे, म्हणजे मला तरी कळायला हवं होतं. पण गणपतीला सासरची माणसं येणार म्हणून जुलैत घाईघाईने रंग मारून घेतला. आरतीच्या वेळेला भिंतीवर पुरीसारखे फुगे आले होते. पुतण्याने त्यातला एक बोटाने दाबला आणि चमचाभर पाणी त्याच्या मनगटावर ओघळलं. रंगाचे पैसे गेले ते गेलेच, वर 'तुमच्या घरी भिंतीला पाणी लागलं होतं ना' हे पुढची दहा वर्षं ऐकावं लागलं.

आता तुमच्या भिंतीकडे येऊ. पत्र दोनदा वाचलं. मला वाटतं, तुमच्या एकाच भिंतीला दोन वेगळे रोग झालेत आणि तुम्ही, काका, पेंटर असे तिघेही त्यांना एकच समजून भांडताय.

खिडकीच्या वर जिथे पोपडे सुटतायत, ते पावसाचं पाणी. आपल्याकडे नैऋत्येचा पाऊस वाऱ्यासकट येऊन पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींवर आडवा आदळतो. जुलैच्या एका महिन्यात मुंबईच्या पट्ट्यात आठशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढ्या माऱ्यात केसाएवढी भेगही पुरते. आणि ती भेग बहुतेक इमारतींत एकाच जागी असते. वर आरसीसीचा, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटचा बीम, त्याखाली विटांची भिंत, या दोघांचा सांधा. उन्हात बीम एका मापाने प्रसरण पावतो, वीट दुसऱ्या मापाने, आणि बाहेरचा गिलावा त्या रेषेवर आडवा तडकतो. दुसरी संशयित जागा म्हणजे खिडकीवरचा छज्जा. त्याचा उतार बाहेरच्या बाजूला असायला हवा. जुन्या इमारतींत तो आतल्या बाजूला बसलेला असतो, वर कबुतरांची घाण आणि माती साचते, आणि त्या मातीत पिंपळ उगवतो. खालून, रस्त्यावरून, मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा. पिंपळाचं रोप दिसलं तर निम्मं कोडं तिथेच सुटलं.

कपाटामागचं काळं मात्र निव्वळ पावसाचं नसावं. तिथे पोपडे नाहीत, फक्त काळे ठिपके आहेत, कुणी मूठभर तीळ भिंतीवर फेकल्यासारखे. बरोबर ना? बुरशीला थेंब थेंब पाणी लागत नाही. भिंतीला चिकटलेली हवा काही दिवस ऐंशी टक्क्यांच्या आसपास दमट राहिली तरी तिचं भागतं. खायला रंग, धूळ, प्लायवूड, पुठ्ठा आणि तुमचा आल्बम आहेच. कपाट भिंतीला टेकलेलं, मागे वारा नाही, भिंत आधीच गारठलेली. आणि खोलीत दोरीवर कपडे. मशीनमधून पिळून काढलेल्या एका धुण्यात दीड-दोन लिटर पाणी असतं, ते सगळं खोलीच्या हवेत जातं. तेव्हा काकांचं म्हणणं चार आण्यांएवढं खरं आहे. उरलेले बारा आणे बाहेरच्या भिंतीकडे लागतात.

'आमच्या वेळी नव्हतं' हेही खरं असेल. त्यांच्या वेळी इमारत नवी होती, बाल्कनी उघडी होती आणि कपडे तिथे वाळायचे. ती बाल्कनी बंद करून खोली मोठी केली असेल, तर ती कुणी, हे विचारू नका. वाकडं घ्यायचं नाहीये ना!

पण माझा अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा तुम्ही गोळा करायचा, आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य. एक पेन्सिल घ्या. आज डागाची कड जिथवर आहे तिथे बारीक रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. मोठी सर येऊन गेली की सहा-आठ तासांनी पुन्हा बघा, डाग रेघेच्या पुढे सरकला असेल तर नवी रेघ, नवी तारीख. उघडीप मिळाली आणि डाग मागे हटला, तर तेही टिपा. पावसाबरोबर पुढेमागे होणारा डाग पावसाचाच. पाऊस असो नसो, सारखाच ओला राहणारा, कडेला चहाच्या कपाच्या बुडासारखी तपकिरी वर्तुळं असणारा डाग मात्र वरच्या घरातल्या बाथरूमचा किंवा पाइपचा. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे बाथरूमच्या फरशीतल्या जाळीच्या, कडेचं सिमेंट सुटलं की असं होतं. तुमच्या बेडरूमवर चौथ्या मजल्याचं बाथरूम येतं का, हे वर जाऊन एकदा बघून या. चहाला गेल्यासारखं जा, तक्रार करायला गेल्यासारखं नको. त्यांच्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या घरातही त्याच भिंतीला ओल असेल, तर हे प्रकरण एका घराचं राहतच नाही.

कपाटामागे दुसरी चाचणी करा. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर चौकोन जरा धड दिसणाऱ्या भागावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दीड-दोन दिवस सोडून द्या. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला दव असेल तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असेल तर हवेतून. दोन्ही बाजू कोरड्या निघाल्या तरी निराश होऊ नका, वर म्हटलं तसं बुरशीला नुसता दमटपणाही पुरतो, आणि मग त्या कोपऱ्यापुरता दोष वाऱ्याचाच.

आता सासूबाईंची भीती. ती मला पूर्ण समजते. २०२१ साली आपण सगळ्यांनी 'काळी बुरशी' हे शब्द ऐकले ते रुग्णालयांच्या बातम्यांत. त्यांना सांगा, तो आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. त्याची बुरशी वेगळ्या कुळातली, आणि त्यात काळं पडतं ते मेलेलं मांस, म्हणून त्याला ते नाव पडलं. भिंतीवरचे काळे ठिपके बघून तो आजार होतो असं नाही. तरीही मधुमेह आटोक्यात नसेल किंवा स्टेरॉइडची औषधं चालू असतील, तर अशा माणसाने बुरशी आलेल्या खोलीत झोपू नये आणि ती साफ तर मुळीच करू नये. त्यामुळे सासूबाईंनी खोली सोडली हे ठीकच केलं, फक्त घाबरून नको.

मुलाचा खोकला बुरशीचाच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. पावसाळ्यात शाळेतून येणारे खोकले काय कमी असतात? पण ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा, खोकला, श्वासाचे त्रास जास्त दिसतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली स्वतंत्र मार्गदर्शिका काढून सांगितलं आहे. डॉक्टरांकडे जाल तेव्हा 'खोकला आहे' एवढ्यावर थांबू नका. खोलीला ओल आहे, खोकला रात्री वाढतो, बाहेरगावी गेलो की कमी होतो, असं जे जे असेल ते सगळं सांगा. आणि आज रात्रीपासून मुलाची गादी हॉलमध्ये. अडचण होईल, चौघं एका खोलीत म्हणजे डब्यातल्या सार्डिनसारखे, पण निदान या पावसाळ्यापुरतं तसंच करा.

आणखी एक गोष्ट आजच बघायची. त्या भिंतीवर स्विचबोर्ड आहे का? बोर्डाभोवती भिंत ओली असेल, बटणाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्यासारखं वाटत असेल, तर त्या खोलीचा एमसीबी खाली पाडा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत वर करू नका. रंगाला महिनाभर उशीर चालतो, याला एक दिवसही नाही. छताचा गिलावा कुठे फुगलेला असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, किंवा गंजाची तांबडी रेघ दिसत असेल, तर त्याखालून पलंग हलवा आणि त्याचा फोटो पहिल्यांदा काकांना पाठवा.

साफसफाई घरच्याघरी होईल, पण दमाने. नवऱ्यावर सोपवा, त्यांना दमा नसेल तर. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा. मुलगा आणि सासूबाई त्या दिवशी शेजारी किंवा माहेरी. खोलीचं दार बंद, खिडकी उघडी, आणि पंखा बंद. पंखा चालू ठेवून कोरड्या ब्रशने घासलं की भिंतीवरची बुरशी घरभर पेरली जाते, आणि नेमकं हेच सगळे करतात. आधी भिंतीवर साबणाचं पाणी फवारायचं, मग ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं, नवं घ्यायचं. पोपडेही आधी ओले करून मग पुट्टीच्या पत्र्याने खरवडा. नंतर वाटलंच तर ब्लीच, एका वाटीला पंधरा-सोळा वाट्या पाणी. पण त्याच्याकडून फार अपेक्षा नको. गिलाव्याच्या आत ते शिरत नाही, वरचा काळा रंग तेवढा उडवतं आणि आपल्याला वाटतं काम झालं. आणि कृपा करून ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अॅसिड ओतू नका. 'दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ' म्हणणारी एक बाई प्रत्येक इमारतीत असते. दोन्ही मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत तो छातीवर बसतो.

कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि तिथेच राहू द्या. जागा जाईल, पण मागे वारा फिरेल. जमलं तर आतल्या, कोरड्या भिंतीला न्या. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात ते कपाटात ठेवा, बंद कप्प्यात ते खरंच काम करतात, मोकळ्या खोलीत नाही. खडेमीठही वाटीत ठेवून बघा. हवा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर दमट झाली की मिठाला पाणी सुटतं. पापड सादळला आणि मिठाला पाणी सुटलं की आजीला हवेचा अंदाज यायचा, तो यातूनच. डांबराच्या गोळ्या आणि कडुलिंबाचा पाला कसरीसाठी, बुरशीला त्याचं काही वाटत नाही. घरात लहान मूल असताना डांबराच्या गोळ्या तर नकोतच.

कपड्यांचं काय? पावसाळ्यात डोंबिवलीत कपडे घराबाहेर वाळवा असं सांगणारी मी कोण! पण बेडरूमऐवजी बाथरूममध्ये दोरी बांधा, दार लावून एक्झॉस्ट चालू ठेवा. ते जमत नसेल तर हॉलमध्ये पंख्याखाली, आणि एका दिवशी एकच धुणं. 'खिडक्या उघड्या ठेवा' हा सल्ला सगळीकडे छापून येतो, जुलैत तो अर्धाच कामाचा. बाहेर धो धो पाऊस असताना बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी नसते. उघडीप पडली, ऊन आलं की समोरासमोरच्या खिडक्या तासभर उघडा आणि एरवी पंखा फिरता ठेवा. एसी असेल तर 'ड्राय' मोडवर दोन तास चालवा, तेव्हा मात्र खिडक्या बंद. हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र काही शे रुपयांत मिळतं. ते साठच्या खाली आणता आलं तर बुरशीचा जोर ओसरतो. तुमच्याकडे जुलैत ते नव्वद दाखवेल. तरी काकांना पाठवायला एक आकडा हाती राहील.

आणि खिडकी. स्लायडिंगची आहे ना? खालच्या अॅल्युमिनियमच्या पट्टीत, बाहेरच्या अंगाला दोन-तीन बारीक छिद्रं असतात. साचलेलं पाणी बाहेर जावं म्हणून ठेवलेली. त्यांत माती अडकते, किंवा कुणीतरी हौसेने सिलिकॉन भरून ती बुजवून टाकतं. मग पट्टीत पाणी तुंबतं आणि मार्बलच्या चौकटीच्या सांध्यातून भिंतीत उतरतं. जुना टूथब्रश आणि झाडूची काडी घेऊन ती छिद्रं मोकळी करा, मग तांब्याभर पाणी पट्टीत ओतून ते बाहेर पडतं का बघा. आमच्या ओळखीतल्या एका घरात दोन पावसाळे भांडण चाललं होतं, आणि ते या काडीने मिटलं. खिडकीतून बाहेर वाकून छज्जा साफ करायचा मोह मात्र आवरा. तिसरा मजला आहे.

आता पैसा आणि कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम १४ म्हणतं की घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम, भाडेकरूने वेगळं कबूल केलेलं नसेल तर. त्याने दुरुस्ती टाळली, तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन, वाजवी वेळ थांबून, भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, आणि तोही वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच. हे वाचून लोक खूश होतात आणि फसतात. तुमचा ११ महिन्यांचा करार बहुधा लिव्ह अँड लायसन्सचा आहे. कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरू नाही, लायसन्सी, म्हणजे मालकाच्या परवानगीने राहणारे. हे कलम तुम्हाला सरळ लागू होत नाही. तुमच्यासाठी करारात लिहिलं आहे तेच खरं. तेव्हा भाडं परस्पर कापू नका, तुमच्या बाजूने असलेलं प्रकरण त्या एका महिन्यात तुमच्यावर उलटेल.

करार काढून दुरुस्तीचं कलम वाचा. बहुतेकांत किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याची आणि मोठी किंवा बांधकामाची मालकाची, असं असतं. बाहेरच्या भिंतीतून येणारं पाणी कुठल्याच भाषेत किरकोळ नाही. लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीत घर सोडता येत नाही ती, किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची, तेही बघून ठेवा. करार नोंदवलेला आहे ना? नोंदणी करून घेणं मालकाची जबाबदारी आहे, आणि ती केलेली नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. तुमच्या बाजूला हे एक वजन आहे. पण लगेच तराजूत टाकू नका.

खरी गंमत अशी की हा खर्च बहुधा काकांचाही नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या, म्हणजे सोसायटीच्या, आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) बाहेरच्या भिंती, गच्ची, सामाईक पाइप यांतून होणारी गळती, पावसाची धरून, संस्थेने संस्थेच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. घरातल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती सभासदाची, म्हणजे घरमालकाची. म्हणजे काकांनी खिशात हात घालायचा नाहीये, फक्त एक पत्र द्यायचंय. तुम्ही सेक्रेटरींकडे गेलात तर 'सभासदाला पाठवा' असं ऐकून परत याल, तो त्यांचा ठरलेला डायलॉग आहे. म्हणून पत्र तुम्हीच टाइप करा, काकांना पाठवा, ते सही करून फोटो किंवा ईमेल करतील. सोसायटीच्या ऑफिसात देऊन पोच घ्या, शिक्क्यासकट, तारखेसकट. इमारत १५ वर्षांच्या वरची असेल तर शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, कधी झालं, हाही एक प्रश्न त्यात घाला. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी, त्यापुढे दर तीन वर्षांनी व्हायला हवं. या प्रश्नाने कमिट्या खुर्चीत सरळ बसतात. त्यातूनही हलले नाहीत तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार होते, पण ती वाट लांबची आणि काकांनीच चालायची.

काकांना फोन करू नका, लिहा. फोनवर माणूस पहिल्या वाक्याला बचाव करतो. साधारण असं:

«नमस्कार काका. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीचे फोटो पाठवतेय. पेन्सिलच्या रेघा आणि तारखा बघा, पाऊस झाला की डाग वाढतो, उघडीप झाली की थांबतो. त्यामुळे पाणी बाहेरून येतंय असं वाटतं. कपड्यांबद्दल तुम्ही म्हणालात ते पटलं, आता बेडरूममध्ये वाळत घालत नाही, कपाटही भिंतीपासून लांब केलंय. बुरशी आम्ही आमच्या खर्चाने साफ केली. बाहेरच्या भिंतीचं काम सोसायटीच्या खर्चाने होऊ शकतं, त्यासाठी सभासद म्हणून तुमचं पत्र लागेल. मसुदा जोडलाय, सही करून पाठवाल का? बाहेरचं काम झाल्यावर आणि भिंत सुकल्यावरच आतला रंग करावा असं वाटतं, म्हणजे तुमचेही पैसे वाया जाणार नाहीत. छोट्याला खोकला आहे, म्हणून सध्या ती खोली बंद ठेवलीय.»

यात कुणी कुणाला दोष दिलेला नाही, आणि तरी सगळं तारखेसकट लिहून राहिलं. घर सोडताना 'भिंत तुम्ही खराब केली' म्हणून ६० हजारांतून कापायची वेळ आली, तर हाच निरोप तुमच्या कामी येईल. मार्चमध्ये आत शिरताना काढलेले फोटो मोबाइलमध्ये असतील तेही शोधून एका जागी ठेवा. त्या वेळी सगळ्या खोल्या रंगवल्या होत्या की हीच एक? जरा आठवून बघा.

काम कधी होईल ते आधीच सांगते, म्हणजे चिडचिड नको. भर पावसात बाहेरून फार काही होत नाही. दोरांच्या झुल्यावर बसून बाहेरच्या भिंतीचं काम करणारा माणूस ऑक्टोबरात चढेल. तेव्हा भेग नुसती वरून लिंपू देऊ नका. ती इंग्रजी व्ही आकारात उकरून, पॉलिमर घातलेल्या सिमेंटच्या मसाल्याने भरायची, बीम आणि विटांच्या सांध्यावर जाळी बसवून मग गिलावा, छज्ज्याला बाहेरच्या बाजूला उतार आणि भिंतीच्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, त्यावर बाहेरचा वॉटरप्रूफ रंग. पिंपळ असेल तर मुळासकट, नुसता कापला तर पुढच्या जूनला दुप्पट जोमाने येतो. आतली भिंत सुकायला पुढे दोन-तीन महिने द्या. पुट्टी आणि रंग जानेवारीत. तोवर ती भिंत उघडीबोडकी, पोपडे काढलेली राहू दे. दिसायला वाईट दिसते, सुकायला उत्तम.

घर सोडायचं का, तर आज नाही. दिवाळीपर्यंत बघा. पत्राची पोच मिळाली, सोसायटीने माणूस पाठवून भिंत बघितली, काका उत्तरं देतायत, तर थांबा, चांगला मालक ओल्या भिंतीपेक्षा दुर्मीळ असतो. पण पत्रावर सहीच येत नसेल, किंवा झोपायची खोली बदलूनही मुलाचा खोकला हटत नसेल आणि डॉक्टरांना घरावर संशय असेल, तर लॉक-इन संपताच नोटीस द्या. पुढचं घर शक्यतो पावसाळ्यातच बघा. दलाल लाइट लावतील, तुम्ही कपाट उघडून आत नाक खुपसा, कुबट वास लपत नाही. आणि एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, तर त्या भिंतीवर तळहात टेकवून बघा.

आल्बमचं राहिलं. चिकटलेली पानं ओढू नका, फोटोचा थरच सुटून येतो. आल्बम उभा ठेवून पंख्याखाली, उन्हात नाही, आठवडाभर नुसता वारा लागू दे. काही पानं आपसूक सुटतील. न सुटलेल्या पानांच्या मध्ये दात घासायचा दोरा हळूहळू करवतीसारखा फिरवून बघा, आधी कमी महत्त्वाच्या पानावर, दूरच्या नातेवाइकांचा ग्रुप फोटो असतो ना, तिथे. आणि फोटोग्राफरला विचारा, त्याच्या जुन्या हार्डडिस्कवर मूळ फोटो अजून असतील.